देवळालीच्या बंगल्यातील वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या कोणत्या काळातील असाव्यात?

गोदाकाठ:
नमस्कार. देवळाली कॅम्पातील आमच्या आत्याच्या जुन्या बंगल्यात दोन सागवानी खिडक्या आहेत. त्यांचे पल्ले बाहेर उघडत नाहीत, एकापुढे एक वर-खाली सरकतात. पंचवटीतल्या वाड्यात आम्ही गज आणि दुपाखी झडपाच पाहत आलो. प्रत्येक पल्ल्यात दोनच मोठ्या काचा आहेत आणि वरच्या पल्ल्याचे उभे दांडे कोपऱ्याखाली थोडे लोंबते, कोरलेले आहेत. एक दोरी तुटल्यामुळे खालचा पल्ला काठीवर टेकवावा लागतो. सुतारदादा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवा म्हणतात. त्याआधी यांचे वय कळावे, अशी इच्छा आहे.

जुनी चौकट:
ही इंग्लंडमधील सॅश खिडकी. दोरी, कप्पी आणि चौकटीच्या पोकळ बाजूंत लपलेली वजने ही तिची घडण तेथे सतराव्या शतकाच्या अखेरीस रुजली. लंडनमध्ये आगीच्या भीतीने १७०९च्या कायद्याने चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४च्या कायद्याने वजनांची पेटी विटांआड ढकलली. त्या काळी काच फुंकून, गरगर फिरवून तबकडीसारखी पसरवत आणि तीतून लहान तुकडेच निघत. म्हणून एका पल्ल्यात सहा-सहा काचा. त्यांमधल्या पट्ट्या आधी जाडजूड होत्या, पुढे बोटाहूनही बारीक झाल्या. काचेवरचा वजनानुसार आकारला जाणारा कर १८४५ मध्ये उठला, मोठी काच स्वस्त झाली आणि पट्ट्या कमी होत गेल्या. मात्र आधार देणाऱ्या पट्ट्या गेल्या आणि काच जड झाली, तेव्हा कोपऱ्यातील कुसवाचा सांधा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेला जोड) निखळू नये म्हणून दांडा खाली वाढवून ठेवू लागले. आपण वर्णन केलेला लोंबता भाग तोच. त्यामुळे आपल्या खिडकीचा घाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या अलीकडचा आहे.

सागवान:
वरील उत्तर योग्यच आहे, पण घाटावरून फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढेच ठरते. देवळालीची छावणीच १८६०च्या दशकातील आहे आणि एकदा रूढ झालेला नमुना सुतार पुढे कित्येक वर्षे गिरवत राहतात. काचेतून तिरके पाहिल्यावर बाहेरचे झाड लहरत दिसते का, तेवढे तपासावे. दिसल्यास काच तरी जुनी आहे. (वाड्याची खिडकी पुरती उघडते, ही अर्धीच, नाशिकच्या उन्हाळ्यात मी वाड्याच्या बाजूने मत देईन.)

रंधा:
ॲल्युमिनियमची घाई करू नये. चौकटीच्या बाजूला, खालच्या अंगाला, स्क्रूने बसवलेली लहान फळी सापडेल. रंगाच्या थरांखाली ती बहुधा दिसत नाही. ती काढली की वजन हाती येते. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकदमच बदलाव्यात. खालच्या पल्ल्याची दोन्ही वजने मिळून पल्ल्यापेक्षा किंचित हलकी असावीत, म्हणजे तो बंद राहतो. वरच्या पल्ल्याची किंचित जड. काच बदलून जाड बसवली, तर हा तोल बिघडेल आणि वजने वाढवावी लागतील. वरचा पल्ला रंगाने चिकटला असल्यास तोही सोडवून घ्यावा, कारण तो खाली सरकवल्यावरच छताजवळची गरम हवा बाहेर पडते.