आज संध्याकाळी भेटून कोड लिहू या, हे प्रत्यक्षात कसं जमवायचं? (कोथरूड-कर्वेनगर)

अर्धविराम: महिन्याचे मीटअप आहेत, पण तिथे बहुतेक वेळ भाषणं ऐकण्यात जातो. मला हवंय ते असं: दुपारी कळलं की दोन तास मोकळे आहेत, तर संध्याकाळी जवळपासचे तिघे-चौघे एकत्र बसून कोड लिहितील. पण ग्रुपवर ‘कोण कोण मोकळं आहे?’ विचारलं की पन्नास मेसेज पडतात आणि भेट होत नाही. जागा, नेट, विषय, सगळ्याबद्दल सांगा.

कंसपूर्ण: विचारू नका, ठरलेलं सांगा. ‘आज 6:30 ते 8:30, अमुक कॅफे, गो भाषेत छोटा एचटीटीपी (वेब) सर्व्हर, जागा 4.’ उत्तर फक्त ‘येतो’ किंवा ‘येते’. निदान तीन तास आधी टाका आणि दोन होकार आले की भेट पक्की समजा. तिसऱ्यासाठी थांबलात की ती बारगळलीच. ग्रुप सगळ्या शहराचा नको. हिंजवडीहून संध्याकाळी साडेसहाला कोथरूडला कुणी पोचत नाही. वीस मिनिटांत येता येईल एवढ्याच टापूतली माणसं घ्या. अनोळखी कुणी येणार असेल तर पहिली भेट घरी ठेवू नका. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र न्या. 65 वॉटचे चार चार्जर मिळून 260 वॉट, म्हणजे सव्वा अँपियरच्या आतच. साधं 6 अँपियरचं सॉकेट पुरतं.

पोर्ट९४१८: खरा वेळ नेट खातं. कॅफेच्या वायफायवर बऱ्याचदा क्लायंट आयसोलेशन चालू असतं. नेट चालतं, पण एकमेकांचे लॅपटॉप दिसत नाहीत. अशा वेळी एकाच्या फोनचा हॉटस्पॉट घ्या आणि एकमेकांच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं, की ज्याच्याकडे रेपो (कोडचा गिट-संग्रह) आहे त्याने गिट डीमन, म्हणजे तो रेपो इतरांना देणारा गिटचा प्रोग्रॅम चालवायचा, बाकीच्यांनी पोर्ट 9418 वरून क्लोन करायचं, म्हणजे प्रत उतरवायची. मोबाइल डेटा जवळपास लागत नाही. डीमनला पासवर्ड नसतो, म्हणून फक्त तोच रेपो उघडा आणि उठताना बंद करा.

गिटहबवर (रेपो ठेवायची साइट) एसएसएचने कोड चढवणं, म्हणजे पुश, अडकलं तर बहुधा एसएसएचचं नेहमीचं पोर्ट 22 बंद असतं. एसएसएच कॉन्फिगमध्ये गिटहबसाठी होस्टनेम ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’ आणि पोर्ट 443 लिहा. हे घरीच करून या. पॅकेजेस आणि डॉकर इमेजेसही (प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या तयार मोठ्या फाइल्स) घरूनच उतरवा, नाहीतर पहिला पाऊण तास डाउनलोड बघण्यात जातो.

लालहिरवा: विषय लहानच हवा. कोडरिट्रीटची (दिवसभराची कोडिंग-सरावाची भेट) पद्धत उसनी घ्या: 45 मिनिटांची फेरी, कॉनवेचा गेम ऑफ लाइफ (चौकटींच्या जिवंत-मृत होण्याचं छोटं कोडं), फेरी संपली की कोड पुसायचा आणि जोडीदार बदलायचा. दोन तासांत दोन फेऱ्या सहज बसतात. पुसायला लोक कचरतात, पण पुसायचंच आहे म्हटल्यावर वेगळी रचना करून बघायचं धाडस येतं. जोडीत पिंगपाँग खेळा. एकाने नापास होणारी टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती पास करून पुढची लिहायची. कीबोर्ड आपोआप फिरतो. तसं नसेल तर ज्याला भाषा येते तोच टाइप करत राहतो आणि दुसरा पुढच्या वेळी येत नाही.

अर्धविराम: तिघंच आले तर? आणि ऑफिसचा लॅपटॉप चालेल का?

लालहिरवा: तिघांत एकच लॅपटॉप, दर 7 मिनिटांनी टायमर लावून कीबोर्ड पुढे. ऑफिसचा लॅपटॉप नको. तिथे लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगू शकते, करारपत्र वाचा. आणि दोघांनी मिळून लिहिलेली कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) असेल तर तिच्या संदेशाच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’ची (सहलेखकाचं नाव आणि ईमेल) ओळ टाका. ईमेल गिटहबच्या खात्यातलाच हवा, नाहीतर दुसऱ्याचं नाव खात्याला जोडलं जात नाही.