मदत हवी आहे: पीपीएलचे कागद, एक होईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते. क्रम काय ठेवू?

लूमवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. स्वतः विमान उडवणारे किंवा या कागदपत्रांतून गेलेले कुणी इथे असतील तर कृपया लिहा. प्रश्न प्रायव्हेट पायलट लायसन्सचा आहे, म्हणजे हौसेखातर उडवण्याचं. एअरलाइनमध्ये जायचं नाही. वय पन्नाशीला टेकलंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तो सोडून कुठं जाणार?

शनिवार-रविवार गाडी काढून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना 152 वर शिकलो. नियमाने किमान चाळीस तास लागतात, त्यात वीस एकट्याने. ते भरून वर थोडे झालेत. लांबची क्रॉस कंट्री झाली. उडवायचा भाग संपला म्हणायला हरकत नाही. आता जमिनीवर अडकलोय.

पहिली अडचण वडिलांच्या नावाची. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत ‘सिद्राम’ आहे. आधार, पॅन, जीएसटी, बँकेचं कर्ज, सगळीकडे ‘सिद्धाराम’. शाळेत गुरुजींनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, पुढे कुणाचं काही अडलं नाही. सोलापूरकरांना सांगायला नको, इथं गल्लीला एक सिद्राम असतो आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, बाकी सगळीकडे शेवटी. ऑनलाइन अर्जाला एका ओळीचं ऑब्जेक्शन येऊन पडलंय: “नेम मिसमॅच विथ मॅट्रिक सर्टिफिकेट. रिसबमिट.” काय जोडून रिसबमिट करू ते नाही लिहिलेलं.

दुसरी अडचण लॉगबुकची. सुरुवातीचे बरेच तास ज्या इन्स्ट्रक्टरबरोबर केले ते नोकरी सोडून गेले. लॉगबुकात तारीख, विमानाचा व्हीटी नंबर, ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास), सोलो (एकट्याचे), सगळं माझ्या अक्षरात निळ्या शाईत व्यवस्थित आहे, आणि सहीचा रकाना तीन पानं कोरा. नवे सीएफआय, म्हणजे स्कूलचे मुख्य इन्स्ट्रक्टर, म्हणतात, “जे मी बघितलं नाही त्यावर सही कशी करू?” माणूस सरळ आहे, त्याला दोष देता येत नाही. स्कूलचं ऑफिस म्हणतं मेल टाका. मेल टाकली की फोन करा म्हणतात. फोन केला की सर फ्लाइंगला गेलेत. फीचा हप्ता थकला तेव्हा मात्र ह्यांचा फोन सकाळी आठला येत होता.

तिसरं, मेडिकल. क्लास टूचं आहे, साखर काठावर असते, दरवेळी तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट मागतात. नावाचं आणि सह्यांचं निस्तरेपर्यंत मेडिकलची मुदत संपायला येईल अशी चिन्हं आहेत. आत्ता स्किल टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष उडवण्याची परीक्षा, दिली तर मेडिकल पुन्हा करेपर्यंत ती शिळी होईल. ती पुन्हा द्यायची तर आधी सरावाचे तास, म्हणजे परत पैसे. रेडिओचं लायसन्स अजून हातात नाही, आणि मधे कायदाच बदलला म्हणून तो क्लासवाला गप्प बसलाय.

तर विचारायचं एवढंच, की यातलं आधी काय करू आणि शेवटी काय ठेवू? ‘पेशन्स ठेवा’ सोडून काहीही सांगा. एजंट लोकांनी व्यनि (खासगी निरोप) करू नये, दोघांचे येऊन गेलेत.

पुणेरी_पंखा

एवढ्या कटकटीपेक्षा ड्रोन घ्या. 2021 च्या नियमांनंतर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट सुटसुटीत झालंय. दहावी पास आणि अठरा पूर्ण, ट्रेनिंग घेतलं की झालं.

लूमवाला_सोलापूर

ड्रोन आहे हो घरात, मेव्हण्याचा, उसावर फवारणीला. त्यात बसता येत नाही.

उतरती_धावपट्टी

मी बरीच वर्षं ग्राउंड क्लास घेतले, आता बंद केलेत. मुद्द्याचं लिहितो.

क्रम ठरवताना कुठला कागद किती दिवस टिकतो हे बघा. ज्याचं आयुष्य सगळ्यात कमी, तो सगळ्यात शेवटी. स्किल टेस्ट अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली लागते, म्हणून ती बाकी सगळं हातात आल्याशिवाय देऊच नका. स्कूल घाई करेल, कारण टेस्टला विमानाचे तास विकले जातात. ऐकू नका.

नाव सगळ्यात आधी. मेडिकल, रेडिओ, लायसन्स सगळं पोर्टलवरच्या एकाच प्रोफाइलला जोडलेलं असतं. प्रोफाइलमध्ये नाव अर्धवट ठेवून पुढचं मिळवलं तर पुढचे सगळे कागद चुकीच्या नावाने निघतात आणि मग दुरुस्तीचे चार वेगळे अर्ज. माझा सल्ला: आधार दहावीप्रमाणे करून घ्या. जन्मतारीख आणि शिक्षण दोन्हीला पुरावा दहावीच्या सर्टिफिकेटचाच असतो, आणि इतक्या जुन्या मार्कशीटवर बोर्डाकडून नाव बदलून घेणं म्हणजे पुण्याच्या विभागीय मंडळाला चकरा.

मेडिकल: मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाची तपासणी करून टाका. लायसन्स आल्यावर करू म्हणून थांबू नका. मुदत संपलेली असताना सोलोला बसणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागते. पथ्य पाळा, चार महिने भाकरी-भाजीवर राहा.

लॉगबुक: त्या इन्स्ट्रक्टरना शोधा. ड्युअलच्या नोंदींवर त्यांची सही मिळणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वच्छ. ते कुठेतरी एअरलाइनमध्ये को-पायलट असतील, तासांसाठीच शिकवत होते. लॉगबुक घेऊन समक्ष जा, कुरिअर करू नका. हरवलं तर चाळीस तास हरवले.

लूमवाला_सोलापूर

सर, मनापासून आभार. टेस्ट शेवटी, हे डोक्यात आलंच नव्हतं. स्कूल तर उलट म्हणत होतं, टेस्ट देऊन टाका, कागद मागून होतील.

पण आधार बदलायचं धाडस होत नाही. आधार बदललं की पॅन, पॅन बदललं की जीएसटी, मग बँकेचं केवायसी, कारखान्याचं गहाणखत, निर्यातीचा कोड. टॉवेलचा कंटेनर नाव जुळत नाही म्हणून बंदरात अडकला तर विमान कशाला, सायकलही परवडायची नाही.

टेक्सासकर

तुमचं वाचून वाईट वाटलं. इथे अमेरिकेत माझ्या शेजाऱ्याने मागच्या वर्षी टेस्ट दिली. परीक्षकाने त्याच दिवशी तात्पुरतं सर्टिफिकेट हातात दिलं, 120 दिवस चालतं, तोवर पक्कं कार्ड पोस्टाने येतं. आणि 2017 पासून ‘बेसिकमेड’ आहे. एकदा मेडिकल झालेलं असेल तर छोट्या विमानांसाठी पुढे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि ऑनलाइन कोर्स करायचा. तरी इथले हौशी पायलट सरकारच्या नावाने बोटं मोडतातच. डिप्रेशनची गोळी कधी घेतली असेल तर मेडिकलची फाईल महिनोन्‌महिने फिरते, म्हणून लोक डॉक्टरकडेच जात नाहीत, हा इथला मोठा विषय आहे.

पुणेरी_पंखा

तिकडे हौशी पायलट गल्लोगल्ली आहेत, त्यांची संघटना आहे, आमदार-खासदार त्यांचं ऐकतात. आपल्याकडे सगळी यंत्रणा एअरलाइनचे पायलट तयार करायला बसलेली. पीपीएलवर थांबणारा माणूस त्यांना चुकून आत आल्यासारखा वाटतो. 2023 ला सीपीएल आणि एटीपीएलची, म्हणजे धंदेवाईक आणि एअरलाइनच्या पायलटांच्या लायसन्सची, मुदत पाचाची दहा वर्षं केली, फेब्रुवारी 2025 ला मोबाइलवरचं इलेक्ट्रॉनिक लायसन्स आणलं. चांगलंच आहे. पण लूमवाल्यांचं दुखणं लायसन्स हातात येण्याच्या आधीचं आहे, तिथे कुणी बघत नाही.

उतरती_धावपट्टी

पंखा, थोडी दुसरी बाजू. 2011 साली बनावट मार्कशीट लावून लायसन्स मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली, पायलटांना अटक झाली. ते आठवत असेल तर कागद तपासणारा कारकून असा का वागतो ते कळतं. चुकीची फाईल पास झाली तर त्याची मान अडकते, बरोबर फाईल सहा महिने पडून राहिली तर कुणाचीच नाही. त्यात माणसं नाहीत. संसदीय समितीने 2025 मध्ये दाखवून दिलंच की डीजीसीएमध्ये, म्हणजे लायसन्स देणाऱ्या केंद्राच्या विमान वाहतूक कार्यालयात, 1,063 मंजूर पदांपैकी 553 च भरलेली होती. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

चिडायचं तर त्या एका ओळीच्या ऑब्जेक्शनवर चिडा. काय जोडायचं ते लिहिलं असतं तर हा धागा निघाला नसता.

माळीनगर

मालक, आपल्याच विमानतळाचं बघा की. विमानांच्या आड येणारी होटगी रोडची ती कारखान्याची चिमणी पाडायला 15 जून 2023 उजाडलं, आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं 9 जून 2025 ला. तुमचं स्पेलिंग तेवढं तरी लवकर होईल. (अवांतर झालं, माफी. पण तुम्हाला सोलो वगैरे करताना खरंच भीती नाही वाटली का?)

लूमवाला_सोलापूर

माळीनगर, भीती पहिल्या सोलोत नाही वाटली. इन्स्ट्रक्टर उतरले तसं विमान हलकं होऊन अपेक्षेच्या आधीच वर गेलं, मी शेजारच्या रिकाम्या सीटचा लोंबता पट्टा बघत होतो आणि रेडिओवर स्वतःचाच आवाज ऐकून हसायला आलं. भीती पोर्टलवर ‘सबमिट’ दाबताना वाटते.

रेडिओचं कुणी सांगेल का?

उतरती_धावपट्टी

विसरलोच. रेडिओ टेलिफोनीचं पूर्वी दूरसंचार खात्याकडे होतं, विमानाचं डीजीसीएकडे. म्हणजे एकाच पायलटसाठी दोन मंत्रालयं. भारतीय वायुयान अधिनियम 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, 1934 चा जुना कायदा गेला, आणि त्यात हे अधिकार विमान वाहतुकीच्या बाजूला आले. त्यामुळे जुन्या खात्याच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक बघत बसू नका. डीजीसीएच्या जाहीर सूचना बघा, आणि क्लासवाल्यावर तर मुळीच विसंबू नका. तयारी तीच आहे: वाक्यं तोंडपाठ, आवाज सावकाश. बहुतेक लोक विषयाने नाही, घाईने नापास होतात.

सोलापूरची_वकील

नावाच्या बाबतीत वरच्या सरांशी थोडी असहमत आहे, म्हणून लिहिते. दादा, तुम्ही आधारला हात लावू नका. आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, ती अशी वाया घालवायची नाही. आणि तुमचा धंदा ‘सिद्धाराम’वर उभा आहे, तेही बरोबर सांगितलंत.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातल्या बदलाची जाहिरात द्या. अर्ज ऑनलाइन होतो. दहावीचं नाव आणि आजचं नाव यांना जोडणारा एक छापील सरकारी कागद मिळाला की मार्कशीट जुन्या नावाची असली तरी चालते. लग्नानंतर नाव बदललेल्या आम्ही सगळ्या बायका वर्षानुवर्षं हेच करतोय. नुसतं प्रतिज्ञापत्र लावलं तर एखादा अधिकारी घेतो, दुसरा परत पाठवतो. राजपत्रासोबत प्रतिज्ञापत्रही लावा, त्यात ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं स्पष्ट हवं, आणि आडनाव आधी-नंतरचा उल्लेखही त्यातच उरकून घ्या.

लॉगबुकाबद्दल: विमान क्षेत्र माझं नाही, पण तुम्ही फी भरली आहे, पावत्या आहेत, म्हणून तोंडी बोलणं बंद करा. स्कूलला रजिस्टर पोस्टाने पत्र द्या. विमान रोज कुणाच्या नावाने बाहेर गेलं याचं रजिस्टर त्यांच्याकडे असणारच, त्याची साक्षांकित प्रत मागा. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोग आहे. आणि दिल्लीतल्या फाईलसाठी आधी केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. निकाली काढायला 21 दिवसांची मुदत आहे. तिथे गोलगोल उत्तर आलं तर माहितीचा अधिकार, दहा रुपये, तीस दिवस. “माझी फाईल का अडली” असं विचारू नका. “या ऑब्जेक्शनसाठी कोणती कागदपत्रं ग्राह्य आहेत त्या नियमाची प्रत द्या” असं विचारा.

उतरती_धावपट्टी

वकीलबाईंचं बरोबर आहे. मी पगारदार माणसाच्या हिशेबाने सांगितलं, धंद्याचं लक्षात घेतलं नाही. रजिस्टरचीही कल्पना उत्तम. ती प्रत समोर असली तर नवे सीएफआय “रेकॉर्डनुसार” म्हणून सही करू शकतात, त्यांनाही आधार मिळतो. तरी जुन्या इन्स्ट्रक्टरची सही मिळाली तर सोन्याहून पिवळं.

लूमवाला_सोलापूर

इन्स्ट्रक्टरांचा पत्ता लागला. हैदराबादला आहेत, रात्रीच्या ड्युटीवर. म्हणाले, या, मला तुमच्या लँडिंग आठवतात (हे कौतुक आहे की काय, कळलं नाही). पुढच्या रविवारी जातोय, लॉगबुक मांडीवर ठेवून. मेडिकलच्या तपासणीची तारीख घेतली, साखरेचं बघतोच. टेस्ट शेवटी.

वकीलताई, एकच विचारायचं राहिलं. राजपत्राच्या अर्जात ‘जुनं नाव’ आणि ‘नवीन नाव’ असे दोन रकाने आहेत. वापरात दोन्ही आहेत, मग जुनं कुठलं म्हणू?

सोलापूरची_वकील

जुनं दहावीचं, नवीन आधारचं. उलट केलंत तर कारखान्याचे सगळे कागद एका फटक्यात ‘जुन्या नावाचे’ होतील. इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटवरून आणि आधारवरून अक्षर-अक्षर उतरवा, आठवणीतून लिहू नका. आणि सबमिट करण्याआधी ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा कटकट.

लूमवाला_सोलापूर

मुलीला वाचायला दिलं. तिने पहिल्या झटक्यात ‘सिद्धाराम’मधला एक ए जास्तीचा पकडला. आता भरतो.