मदत हवी आहे: बॅकग्राउंडला पट्टे पडतायत, आजच फाइल द्यायची आहे

खणभागकर: मंडळाच्या फ्लेक्ससाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट बॅकग्राउंड केलंय. क्लाउड्स फिल्टरनं ढग, मग ब्लर, वरून ग्रेडियंट. निळ्या भागात आडवे पट्टे दिसतायत. प्रिंटवाला सहाला फाइल मागतोय. पटकन सांगा.

हळदवाला: कशात केलंय? साइज? आरजीबी (स्क्रीनचे रंग) का सीएमवायके (छपाईचे रंग)?

अजिंक्यतारा: कोरलमध्ये घ्या, मेश फिल (जाळीवर रंग मिसळणारा भराव) टाका, विषय संपला. आम्ही साताऱ्यात सगळे फ्लेक्स कोरलमध्येच काढतो.

खणभागकर: फोटोशॉप. १० बाय ८.

हळदवाला: इंच?

खणभागकर: फूट हो! इंचात फ्लेक्स कोण लावतं?

लिपीकार: मराठी अक्षरं फुटत असतील तर जुना फॉन्ट काढून युनिकोड वापरा.

खणभागकर: अक्षरं नीट आहेत. पट्टे, पट्टे!

कृष्णाकाठ: फाइल ८ बिटची असणार. त्यात एका चॅनलला, म्हणजे एकेका मूळ रंगाला, छटांच्या २५६च पायऱ्या. गडद निळ्यापासून जरा फिक्या निळ्यापर्यंत समजा ४० वापरल्या गेल्या, तर १० फुटांत एकेक पट्टा ३ इंचांचा. दिसणारच की राव. इमेज, मोडमध्ये जाऊन १६ बिट कर आणि ब्लर, ग्रेडियंट नव्यानं मार. आहे तीच फाइल नुसती १६ बिट करून हरवलेल्या छटा परत येत नाहीत. ग्रेडियंटला डिदरची (छटा ठिपक्यांनी मिसळायची) खूण ठेव. शेवटी अ‍ॅड नॉइज फिल्टर १-२ टक्के, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक. स्क्रीनवर जवळून बारीक रवा दिसेल, खालून कुणाला कळत नाही.

अजिंक्यतारा: एवढा खटाटोप कशाला? मेश फिल.

हळदवाला: दादा, त्याला ढगांचं टेक्श्चर पाहिजे. मेशमध्ये ढग कुठून आणणार?

गल्लीतला: ढग असू देत नाहीतर वीज. आमच्या चौकात फ्लेक्समुळं समोरून येणारी एसटी दिसत नाही.

खणभागकर: नॉइजनं पट्टे गेले! पण फिल्टर गॅलरी करडी झालीय, क्लिकच होईना.

कृष्णाकाठ: १६ बिटात ती चालत नाही. तो इफेक्ट पाहिजेच असला तर ८ बिटच्या कॉपीवर करून बघ. फाइल टिफमध्ये दे, जेपेगनं पट्टे परत डोकं वर काढतील. आणि कंट्रोल वाय दाबून छापल्यावर रंग कसे दिसतील ते बघ.

खणभागकर: अरे, निळा मेलाच की!

कृष्णाकाठ: छापून साधारण तसाच येणार. जांभळट वाटला तर मॅजेंटा कमी कर.

अजिंक्यतारा: मंडळ कुठलं म्हणालात?