अनुभव धागा : कोरोना महामारीच्या काळात प्रशासनाची माहिती आणि मदत तुमच्या घरापर्यंत कशी पोहोचली? (सांगली–सातारा)

2020 आणि 2021 या दोन वर्षांत ग्रामपंचायत, नगरपरिषद, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा प्रशासन यांच्याशी आपला जितका संबंध आला, तितका एरवी कित्येक वर्षांत येत नाही. त्या काळातील दुःखाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु कोणती सूचना कोणी दिली, ती वेळेवर आली का, आणि तिच्या आधारे तुम्हाला नेमके काय करता आले, हे फारसे कोणी नोंदवलेले नाही. पुढची साथ येईल तेव्हा हीच नोंद उपयोगी पडेल, म्हणून सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्वांना लिहिण्याची विनंती आहे. तक्रार लिहिताना संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव टाळावे, घटना मात्र स्पष्ट लिहावी.

इस्लामपूर, गृहिणी

23 मार्च 2020 रोजी सौदी अरेबियाहून परतलेल्या आमच्या शहरातील एका कुटुंबातील चौघांना लागण झाल्याचे स्पष्ट झाले आणि काही दिवसांतच त्यांच्या संपर्कातील लोक धरून रुग्णसंख्या 25 च्या आसपास गेली. आमचे घर प्रतिबंधित क्षेत्रात आले. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले, आणि दूध व भाजी कशी मिळणार हे विचारायलाही बाहेर पडता येईना. त्या वेळी सर्वांत मोठा आधार झाला तो घंटागाडीचा, कारण एरवी कचऱ्यासाठी येणाऱ्या त्याच गाडीवरून रोज सकाळी सांगितले जाई की आज भाजी कोणत्या गल्लीत येईल, औषधाची चिठ्ठी कोणाकडे द्यायची आणि तपासणीचे पथक कधी येणार आहे. सांगणारा कर्मचारी ओळखीचा होता, त्यामुळे त्याला थांबवून आम्ही प्रश्नही विचारू शकलो.

त्याच वेळी मोबाईलवर त्या कुटुंबाविषयी जे फिरत होते ते वाचवत नव्हते. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात किती जण दाखल आहेत, कितींचा दुसरा अहवाल निगेटिव्ह आला, हे जिल्हा प्रशासन रोज सांगू लागले तेव्हा त्या अफवांना थोडा आळा बसला. तरीही रुग्ण बरे होऊन घरी आल्यावर त्यांच्याशी शेजाऱ्यांनी कसे वागावे, हे घंटागाडीवरून एकदाही सांगितले गेले नाही. ते सांगायला हवे होते, असे मला आजही ठामपणे वाटते.

पाटण तालुका, आशा स्वयंसेविका

आमच्या डोंगराळ भागातील बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईला असते. मे 2020 मध्ये हे लोक गावी आले तेव्हा त्यांना शाळेत ठेवायचे की घरी, याबद्दल शेजारच्या दोन गावांत दोन वेगळे नियम होते. तालुक्याचा आदेश एकच असला, तरी ग्रामसमितीने लोकांच्या भीतीपोटी त्यात स्वतःचे दिवस वाढवले होते, आणि शाळेच्या खोलीत लहान मुलांसह राहणाऱ्या बायका मला विचारत की, "ताई, आम्हाला कधी सोडणार?" माझ्याकडे लेखी काहीच नसल्यामुळे मी उत्तर देऊ शकत नव्हते. सूचना तोंडी असली की ती प्रत्येक वाडीत बदलते, हे मी तेव्हा पाहिले.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आम्ही थर्मल गन व ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेलो. ऑक्सिजन 95 च्या खाली असेल तर पुढे पाठवायचे, एवढे सोपे सूत्र होते, आणि ते लोकांना समजले. त्या मोहिमेचा खरा लाभ हाच, असे माझे मत आहे, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत लोक स्वतःहून बोट पुढे करू लागले. सुरुवातीला मात्र दार उघडायला कोणी तयार नव्हते, कारण आजार सांगितला तर गाडी येऊन घेऊन जाईल, अशी धास्ती होती. नेल्यावर कुठे ठेवतात, जेवण कोण देते, घरच्यांना फोन करता येतो का, हे सांगणारे साधे पत्रक आमच्या हातात असते, तर निम्मी दारे लवकर उघडली असती. जून 2021 मध्ये राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला, याचीही येथे नोंद असावी.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षक

एप्रिल 2021 मध्ये माझी नियुक्ती एका तालुक्याच्या नियंत्रण कक्षात झाली. काम बेडची माहिती फोनवर देण्याचे होते. आमच्यासमोरच्या यादीत रिकाम्या बेडची संख्या असे, पण ती किती वाजता भरली आहे हे लिहिलेले नसे, आणि ऑक्सिजनचा बेड व साधा बेड एकाच रकान्यात मोजलेले असत. त्यामुळे यादीवर विश्वास ठेवून रुग्णाला गाडीत घालून निघालेले नातेवाईक रुग्णालयाच्या दारातून आम्हाला फोन करत, आणि त्यांचा राग पूर्णपणे रास्त असे. पुढे आम्ही शिक्षकांनीच आपसांत ठरवून प्रत्येक रुग्णालयाला आधी फोन करायचा, जागेची खात्री करायची आणि मगच नातेवाइकांना उलट फोन करायचा, अशी पद्धत पाडली. त्यात वेळ जाई. पण "थांबा, मी विचारून सांगतो" हे उत्तर लोक स्वीकारत, चुकीचा आकडा स्वीकारत नसत.

भिलवडी, ता. पलूस, शेतकरी

सातारच्या गुरुजींनी लिहिलेले वाचून मला जुलै 2021 आठवला, कारण तेव्हा आमच्याकडे महापूर आणि कोरोना एकत्र आले होते. पुराची माहिती कशी येते ते पाहा : सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, कोयना धरणातून विसर्ग किती क्युसेक, आणि हे कोणत्या वेळेचे. 45 फूट ही धोक्याची पातळी आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, आणि त्या आकड्यावरून जनावरे कधी सोडायची, धान्य कधी वर चढवायचे, हे प्रत्येक घर स्वतः ठरवते. 2019 च्या पुराने आम्हाला ते अधिकच पक्के शिकवले. कोरोनाचे आकडेही रोज येत होते, पण जिल्ह्यात आज इतके बाधित म्हटल्यावर आमच्या गल्लीने काय करायचे, हे त्या आकड्यात नव्हते. निवारा केंद्रात आम्हाला दाटीवाटीने राहावे लागले. तिथे तपासणी झाली हे चांगले झाले, परंतु बाधित निघालेल्या माणसाला वेगळे कुठे न्यायचे याची तयारी पूर येण्याआधी व्हायला हवी होती, कारण नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही.

जत तालुका

18 ते 44 वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रातील नोंदणी शहरांतील लोकांनी ऑनलाइन भरून टाकली आणि गावातील तरुण रांगेबाहेर उभे राहिले. नंतर केंद्रावरच टोकन मिळू लागले आणि आदल्या संध्याकाळी दवंडी होऊ लागली, तेव्हा कुठे आमचा नंबर लागला.

मिरज तालुका, अंगणवाडी सेविका

माझे पती मे 2021 मध्ये कोरोनाने घरी वारले. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना तेव्हा 50,000 रुपये सानुग्रह साहाय्य मिळत होते, हे मला ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यानंतर बऱ्याच काळाने एका मैत्रिणीकडून कळले. मृत्यू रुग्णालयात झालेला नाही म्हणून अर्ज चालणार नाही, असे मला एका कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. प्रत्यक्षात, तपासणीत बाधित आढळल्यापासून 30 दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, तर तो घरी झालेला असला तरी ग्राह्य धरला जात होता, आणि शंका असल्यास जिल्हा स्तरावरील तक्रार निवारण समितीकडे जाता येत होते. हे मला तलाठी भाऊसाहेबांनी नियम दाखवून समजावले, आणि तपासणीचा अहवाल, मृत्यूचा दाखला, आधार व बँकेचे पासबुक एवढ्या कागदांवर रक्कम जमा झाली. माझ्याच गल्लीतील आणखी एका वहिनींना घरीच मृत्यू म्हणून परत पाठवले होते. त्यांचा अर्ज मी सोबत जाऊन पुन्हा भरून दिला.