सत्काराचा फ्लेक्स

निखिल बी-११: सेक्रेटरी साहेब, २३ तारखेच्या फ्लेक्सचा फोटो बघितला. देशमुख सरांच्या नावाखाली चार ओळी आणि आमच्या बाबांच्या नावाखाली 'सेवानिवृत्त कर्मचारी, मराठवाडा विद्यापीठ'. बाबा उपकुलसचिव म्हणून रिटायर झाले. परीक्षा विभाग. ३४ वर्षं. एवढं तरी विचारायचं होतं.

सेक्रेटरी: निखिलजी, नमस्कार. मजकूर घाईत झाला. कोणाला कमी लेखायचा हेतू नव्हता. विद्यापीठाचा वर्धापनदिन म्हणून आपल्याच सोसायटीतल्या दोघांचा सन्मान करावा, एवढाच शुद्ध उद्देश 🙏

पप्पू भैय्या: शुद्ध उद्देश, अशुद्ध फ्लेक्स 😄

कोषाध्यक्ष: वर्गणी २०० रु. बाकी: ए-४, ए-९, बी-३, बी-६, सी-१, सी-२, डी-९. गणपतीची वेगळी आहे, कृपया गल्लत करू नये.

सी-२ जोशी काका: आम्ही दिली आहे. रोख दिली. वॉचमनकडं.

कोषाध्यक्ष: वॉचमन कधीपासून कोषाध्यक्ष झाला?

गायकवाड मॅडम ए-७: निखिलचं म्हणणं आहेच, पण फ्लेक्सवर त्याहून मोठी चूक आहे आणि ती कोणालाच दिसली नाही याचं नवल वाटतं. विद्यापीठाचं पूर्ण नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधली साडेपंधरा वर्षं कशी गेली ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगायची गरज नाही. माझे मामा त्यात तुरुंगात जाऊन आलेत. फ्लेक्सवर जागा नव्हती म्हणू नका. 'सौजन्य' म्हणून तीन जणांचे फोटो मावलेत.

सेक्रेटरी: मॅडम, मनापासून क्षमस्व. फ्लेक्सवाल्याकडं जुनं डिझाइन होतं.

गायकवाड मॅडम ए-७: १९९४ च्या आधीचं?

पप्पू भैय्या: 🙊

चेअरमन अण्णा: मॅडमचं शंभर टक्के बरोबर आहे. नाव पूर्ण येईल, माझी जबाबदारी. आमचे वडील उस्मानिया विद्यापीठाचे. तेव्हा मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादला जोडलेली, सगळं शिक्षण उर्दूतून. २३ ऑगस्ट १९५८ ला इथं विद्यापीठ उघडलं, पंडितजी स्वतः आले होते. त्याआधी परीक्षेचं काही असलं की हैदराबादकडं बघत बसायचं. आपल्या पोरांना ही किंमत माहीत नाही. असो. भांडू नका.

निखिल बी-११: अण्णा, भांडत नाही. पुन्हा सांगतो. बाबा 'कर्मचारी' नव्हते, उपकुलसचिव होते. परीक्षा विभाग. ३४ वर्षं.

जोशी काका सी-२: मला एक कळत नाही. सत्कार शिक्षणक्षेत्रातल्या कार्याचा आहे ना? मग प्राध्यापकांचा करा. ऑफिसातल्या लोकांनी नोकरी केली, पगार घेतला, पेन्शन घेतायत. यात वावगं बोलतोय असं वाटत नाही.

निखिल बी-११: काका, प्राध्यापक फुकट शिकवत होते का?

जोशी काका सी-२: सरांनी पीएचडी केली, दहा-बारा जणांना करवली. क्रम कसा लावणार?

चेअरमन अण्णा: पीएचडीवर क्रम लावला तर नरहर कुरुंदकर मागच्या रांगेत बसतील. इंटरला अडकलेला माणूस. शाळेत मास्तर होते, मग नांदेडच्या पीपल्स कॉलेजात गेले आणि तिथंच प्राचार्य झाले. पीएचडी नाही. आमच्याकडं आजही 'गुरुजी' म्हणलं की तेच.

राहुल डी-९: पीएचडीचा विषय निघालाच आहे तर. मी सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी आणि सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. तासाप्रमाणं पैसे, तेही कधी दिवाळीनंतर. माझ्या सत्काराला किती वर्षं लागतील? वर्गणी त्यामुळंच बाकी आहे, कोषाध्यक्षांनी समजून घ्यावं.

कोषाध्यक्ष: राहुल, तुझी सोडली. बाकीचे: ए-४, ए-९, बी-३, बी-६, सी-१, सी-२.

जोशी काका सी-२: सी-२ दिलीय!!

पिंटूची आई बी-३: पाणी कधी येणार आहे? आज नववा दिवस. जायकवाडी भरलंय म्हणतात आणि आमच्या टाकीत गाळ.

सेक्रेटरी: ताई, हा विषय वेगळा. टँकर सांगितला आहे.

पिंटूची आई बी-३: पाण्याचा विषय कायम वेगळाच असतो.

निखिल बी-११: एक साधा प्रश्न. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कोण?

चेअरमन अण्णा: डोंगरकेरी.

निखिल बी-११: पहिले कुलसचिव?

निखिल बी-११: 🙂

निखिल बी-११: परीक्षेची वेळ संपली. हेच म्हणतोय मी. आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात कुलसचिव, परीक्षा मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी यांना 'अधिकारी' म्हणलंय. कायदा वाचा.

जोशी काका सी-२: त्यात उपकुलसचिव आहेत का?

(हा मेसेज डिलीट केला आहे)

पप्पू भैय्या: निखिल, मी वाचला 😂 काकांना दाखवू का?

देशमुख सर ए-२: मित्रहो, माझ्यामुळं एवढी चर्चा होतेय, संकोच वाटतो. मी विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकलो. पठाण सर, रसाळ सर, पंतावणे सर असे शिक्षक एका विभागात आम्हाला मिळाले. पठाण सर १९९० ला पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. रसाळ सरांना साहित्य अकादमी २०२४ ची मिळाली, वयाच्या नव्वदीनंतर. पंतावणे सरांना पद्मश्री २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाली आणि मार्चमध्ये सर गेले. 'अस्मितादर्श' हे नियतकालिक त्यांनी अर्धं आयुष्य चालवलं, तेव्हा कोण शाल घेऊन आलं होतं? त्यांच्यापुढं माझा सत्कार म्हणजे फारच झालं. बी-११ च्या साहेबांचं म्हणाल तर माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध परीक्षकांकडून वर्षभर परत येईना. यांनी तीन स्मरणपत्रं काढली आणि चौथ्या वेळी रात्री फोन केला. पोराची नोकरी वाचली. प्रबंधाच्या आभारात मात्र माझं नाव आहे. ता. क. शाल नको. घरात त्रेचाळीस आहेत.

पप्पू भैय्या: सर, एक मला. थंडी सुरू झाली की.

जोशी काका सी-२: सरांचा मोठेपणा. पण नियम तो नियम.

राहुल डी-९: कोणता नियम काका?

बिराजदार काकू डी-३: मी कधी लिहीत नाही ग्रुपवर. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. माझं माहेर सास्तूरकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, घर गेलं, घरातली दोन माणसं गेली. कागदांचा विचार कोण करतंय तेव्हा. पुढं बीएडला मार्कमेमो पाहिजे म्हणले. माझ्याकडं नंबरसुद्धा नाही. रात्रभर एसटीनं औरंगाबादला आले, खिडकीवर उभी राहिले. एकानं प्रतिज्ञापत्र मागितलं, दुसऱ्यानं पोलिसांचा दाखला, तिसरा म्हणला जेवणाची सुट्टी झाली. मी पायरीवर बसून रडायले. हे साहेब तिकडून आले. तेव्हा ते साहेब नव्हते, लिपिकच असतील. कॉलेज कोणतं, वर्ष कोणतं एवढंच विचारलं. लेजर काढलं, आमच्या कॉलेजची पानं एकेक करून उलटली, माझ्या वडिलांचं नाव वाचलं आणि म्हणले 'ही तुम्हीच ना?' दोन तास लागले. चहा पाजला, बिस्किटाचा पुडा दिला. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट मार्कमेमो हातात. मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं ते त्या कागदावर. इथं राहायला आल्यावर जिन्यात बघून ओळखलं त्यांना. त्यांना आठवत नव्हतं. म्हणले असे लई जण यायचे त्या वर्षी.

गायकवाड मॅडम ए-७: काकू 🙏

पिंटूची आई बी-३: काकू, कधी बोलला नाहीत हे.

चेअरमन अण्णा: सेक्रेटरी, हे कार्यक्रमात काकूंनी सांगावं. माझं भाषण काढून टाका.

पप्पू भैय्या: अण्णांनी भाषण सोडलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

बिराजदार काकू डी-३: स्टेजवर नाही जमणार मला.

निखिल बी-११: काकू, हे बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. म्हणूनच पुन्हा सांगतो, 'कर्मचारी' नको, 'उपकुलसचिव' लिहा. परीक्षा विभाग. ३४ वर्षं.

राहुल डी-९: निखिलदादा, पाठ झालं आता.

जोशी काका सी-२: मी विरोध केला नव्हता. क्रमाबद्दल बोललो होतो. आणि २०० रु. परत देतोय, दोनदा झाले तरी चालतील.

कोषाध्यक्ष: आभारी आहे. बाकी: ए-४, ए-९, बी-३, बी-६, सी-१.

निखिलचे बाबा बी-११: सर्वांस नमस्कार. फ्लेक्सचा फोटो मोठा करून वाचला. दुरुस्त्या अशा. १) 'जेष्ठ' नव्हे, 'ज्येष्ठ'. २) 'सत्कारमुर्ती' यात मू दीर्घ. ३) विद्यापीठाचे नाव पूर्ण व दोन्ही ठिकाणी, गायकवाड मॅडमचे बरोबर. ४) देशमुख सर १९७९ ला रुजू झाले, १९७८ छापले आहे. ५) माझे पद. मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, त्यामुळे 'कर्मचारी' ही चूक धरता येत नाही. दुरुस्ती ऐच्छिक. ६) २३ ला सकाळी ११ ची वेळ ठेवली आहे. त्या दिवशी सकाळी आपल्या लाइनला पाणी सुटण्याची पाळी आहे, कोणीही खाली येणार नाही. सायंकाळी ५ करावे.

पिंटूची आई बी-३: देवमाणूस! पाण्याची तारीख तरी कळली.

सेक्रेटरी: काका, सगळं मान्य. एकच अडचण आहे. फ्लेक्स छापून आलाय.

गायकवाड मॅडम ए-७: मग परत छापा.

सेक्रेटरी: मॅडम, १,४०० रुपये झालेत.

निखिल बी-११: मी देतो. पण मजकूर मी पाठवणार.

निखिलचे बाबा बी-११: मजकूर मला दाखवल्याशिवाय जाणार नाही.

पप्पू भैय्या: टँकर आलाय, गेटसमोर कोणाची तरी पांढरी गाडी लावलीय. काढा पटकन.

जोशी काका सी-२: माझी आहे. येतोय. ओरडू नका.