गोष्ट सांगणारा 'मी'च शेवटी भलता निघाला की मजा येते का डोकं फिरतं?

पेठेतली_वाचक:
कोथरूडला आमचा छोटा वाचनकट्टा आहे, महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जमतो. यावेळी आमच्यातल्याच एकाने स्वतःची कथा वाचली. नारायण पेठेतला वाडा, आजारी मालक काका, बिल्डरच्या चकरा, आणि हे सगळं सांगणारा एक 'मी', जो आम्ही सगळ्यांनी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा धरून चाललो. शेवटच्या पानावर कळतं की 'मी' म्हणजे काकांची सून आणि गोळ्या बंद करणारी पण तीच! निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र फसवल्यासारखं वाटलं, पण का ते धड सांगता येईना. तुम्हाला आवडतं का असलं?

चष्मिस:
आवडतं, पण परत वाचल्यावर टिकलं तरच. अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या, १९२६ चं आहे त्यामुळे स्पॉयलर म्हणून ओरडू नका. सांगणारा डॉ. शेपर्डच खुनी. तो लिहितो की पत्र आठ चाळीसला आत आणलं, आणि मी आठ पन्नासला निघालो तेव्हा ते वाचायचं राहिलंच होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, फक्त मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते सांगितलेलंच नाही. शेवटच्या प्रकरणात हा बाबा वर त्या वाक्यांवर खूष होऊन स्वतःचीच पाठ थोपटतो. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जास्त मजा आली खरं सांगू तर.

तिरकस_पुणेकर:
मला नाही पटत. खरं बोलून फसवणं ही वकिली झाली. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक पाद्री होता, स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मधे दहा नियम काढले त्यात हेच आहे की वॉटसनछाप मित्राने, म्हणजे गुप्तहेराबरोबर राहून गोष्ट सांगणाऱ्याने, मनात आलेलं काही वाचकापासून लपवायचं नाही. आणि नियम सोडा हो, दोनशे पानं ज्याच्याबरोबर घालवली तो माणूस तसा नव्हताच म्हटल्यावर वाचक चिडणारच की.

चष्मिस:
अहो पण सांगणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही असं कुणी सांगितलं? तो पण त्या घरातलाच ना.

क्रियापद:
मला वेगळाच प्रश्न पडलाय, तुमच्या कट्ट्यावरच्या लेखकाने मराठीत हे जमवलं कसं? इंग्रजीत 'मी' बाई का बाप्या ते शेवटपर्यंत झाकता येतं. आपल्याकडे 'मी गेलो' का 'मी गेले', दुसऱ्याच वाक्याला पितळ उघडं. 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं' चालतं, 'मला वाटलं' चालतं, 'आम्ही गेलो' पण चालतं, पण उठणं बसणं येणं जाणं सगळं बाद, आणि 'करतो/करते' पण बाद. 'म्हणालो' टाळून कायम 'म्हटलं'. शिवाय काका तिला 'कुठे गेली होतीस' असं एकदाही विचारत नाहीत? सासरा सुनेला अहोजाहो करत असेल तर गोष्ट वेगळी. त्या पोराने हे सगळं सांभाळलं असेल तर आपला सलाम. सलग दहा पानं न उठता न बसता काढणारा नॅरेटर जरा विचित्र वाटला असेल मात्र.

पेठेतली_वाचक:
@क्रियापद, कथेची प्रिंट होती माझ्याकडे, पेन घेऊन बसले. खरंच एकदाही 'आलो' नाही का 'आले' नाही! सगळीकडे 'मी म्हटलं', 'मी पाहिलं'. आणि काका तिच्याशी बोलतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून असतात, ते मला आधी काकांचं आजारपण वाटलं होतं, आता कळतंय की त्यांना बहुतेक माहीत होतं. ही जागा फारच भारी आहे.
पण मला काय खटकलं ते पण सापडलं. मधेच एक वाक्य आहे, 'गोळ्यांची पट्टी कुठे गेली असेल, मला काही कळेना.' अगं तूच टाकलीस ना ती मोरीत! हे ती कुणाला ऐकवत नाहीये, मनातल्या मनात म्हणतेय. इथे मला शेपर्ड बरा वाटतो, तो निदान गप्प बसला.

तिरकस_पुणेकर:
हां, ही सरळ लबाडी. ते एक वाक्य उडवलं तर माझी पण हरकत नाही, चला.

चष्मिस:
+१. लेखकाला सांगितलंत का?

पेठेतली_वाचक:
कथा दिवाळी अंकाला पाठवून मोकळा झालाय तो. आणि पुढचा कट्टा त्याच्याच घरी आहे, मिसळ खाऊन झाल्यावर सांगीन.