"ग्रिल करा" म्हणजे आच वरून की खालून?

वांग्याचं_भरीत: माझं मत सरळ आहे, रेसिपीत नुसतं "दहा मिनिटं ग्रिल करा" लिहायची पद्धत बंद करा राव. इंग्लंडमधल्या बाईने लिहिलेली असेल तर ग्रिल म्हणजे ओव्हनच्या छताला असलेला बर्नर नाहीतर कॉइल, आच वरून. अमेरिकेत त्यालाच ब्रॉइलर म्हणतात आणि ग्रिल म्हणजे मागच्या अंगणातली जाळी, खाली कोळसे नाहीतर गॅस. एकच शब्द आणि आच बरोब्बर उलट्या बाजूने! आपण मुंबईकर ग्रिल म्हटलं की सँडविच समजणार, दोन रेघारेघांच्या गरम प्लेटमध्ये दाबलेलं. आता पनीर टिक्का नेमका कशावर करायचा? वरून की खालून एवढं लिहायला काय जातं?

निवांत_नाना: उगाच बाऊ करताय. कोळसे म्हटलं की जाळी, ओव्हन म्हटलं की वरचा रॉड, वाचणाऱ्याला कळतं. आणि मराठीत तरी काय वेगळं आहे, शेंगदाणे भाजा, पापड भाजा, वांगं भाजा, भाकरी भाजा, सगळीकडे एकच "भाजा". कढईत, विस्तवावर की तव्यावर ते कोण लिहितं? तरी कोणी कढईत पापड भाजत नाही ना?

वांग्याचं_भरीत: नाना, वांगं लहानपणापासून डोळ्यासमोर भाजलेलं असतं म्हणून कळतं. ब्रॉइलर कोणाच्या आजीने दाखवलाय?

जर्सीची_सून: इथे अमेरिकेतही एकच अर्थ आहे असं समजू नका. ग्रिल्ड चीज सँडविच जाळीवर होतच नाही, ब्रेडला बाहेरून बटर लावून चक्क तव्यावर परततात. डायनरमधे, म्हणजे इथल्या साध्या खानावळीत, आम्लेटं-पॅनकेक ज्या सपाट लोखंडी पत्र्यावर करतात त्यालाही ग्रिलच म्हणतात, जाळीबिळी काही नाही. आणि ब्रॉइल म्हणजे वरूनच आच हेही पक्कं नाही, बर्गर किंगचा बर्गर खालून ज्वाळा लागून भाजतो तरी इथे वर्षानुवर्षं जाहिरातीत त्याला फ्लेम ब्रॉइल्ड म्हणायचे, आणि तोच ब्रिटनमधे फ्लेम ग्रिल्ड. त्यामुळे शब्दाच्या मागे लागू नका, फोटो बघा, पट्टे उठलेत का ते बघा.

लेस्टरचा_पाव्हणा: पट्ट्यांवर कसली खात्री, रेघांचं ग्रिल पॅन गॅसवर ठेवलं तरी पट्टे उठतात. खरी खूण दुसरीच आहे, मूळ इंग्रजी वाक्य नीट वाचा. आमच्याकडे इंग्लंडात पदार्थ ग्रिलच्या "खाली" ठेवतात, चीज ऑन टोस्ट म्हणजे ब्रेडवर चीज किसायचं आणि ग्रिलखाली सरकवायचं, बुडबुडे आले की काढायचं. अमेरिकन माणूस ग्रिलच्या "वर" ठेवतो. इंग्रजीत तेवढ्या एका शब्दावरून भांडण मिटतं. मराठीत उतरवताना आपले लोक दोन्हीचं "ग्रिल करा" करून टाकतात आणि खाली-वर दोन्ही गायब. ग्रिलखाली, ग्रिलवर, इतकं सोपं आहे की मराठीत!

निवांत_नाना: हे मात्र पटण्यासारखं आहे. तरी सगळ्यांनी बदला असं काही नाही, ज्याला अडलं तो विचारेल.

वांग्याचं_भरीत: विचारेपर्यंत काचेचं भांडं तडकलेलं असतं हो. बेकला चालणारी काचेची डिश थेट ब्रॉइलरखाली ठेवू नका असं कंपन्या स्वतः लिहून देतात, आणि वरच्या उघड्या ज्वाळेखाली बेकिंग पेपर पेटू शकतो. जाळीवर करायचं असताना शिमला मिरचीचे बारीक तुकडे केलेत तर ते खाली निखाऱ्यात. हा नुसता शब्दांचा खेळ नाहीये, ताट-पातेलं त्यावर ठरतं.

खाऊगल्ली: सँडविचवाल्याकडे बघा की. साधं, टोस्ट, ग्रिल, तिघांचे भाव वेगळे. टोस्ट म्हणजे तो लांब दांड्याचा चिमट्यासारखा टोस्टर, गॅसवर नाहीतर कोळशावर उलटपालट करायचा, ग्रिल म्हणजे विजेचं मशीन. तिथे कोणी गोंधळत नाही, कारण समोर बनतं. आता कोणी सांगेल का, माझ्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमधे) वर-खाली दोन्ही रॉड आहेत, टिक्क्याला नुसता वरचा लावू की दोन्ही?

लेस्टरचा_पाव्हणा: नुसता वरचा, रॅक वरच्या खाचेत, खाली ट्रे ठेवा नाहीतर दही गळून खालचा रॉड घाण होतो. आणि मधे एकदा उलटा.

निवांत_नाना: आम्ही तव्यावरच करतो.